गच्चीची वहिवाट

विश्राममामाने चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. भूमी अभिलेख खात्यात तो भूकरमापक होता. ठाण्याच्या ऑफिसातून निघायचं आणि मुरबाड, शहापूर, भिवंडी, जिथली मोजणी लागली असेल तिथे जायचं. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत टेप, नकाशाची गुंडाळी आणि मामीने दिलेला डबा. बांधावरून दोन भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबले की मामाला बोलावणं यायचं. तो रेघ ओढायचा आणि भांडण मिटायचं, निदान अपील होईपर्यंत.

एवढ्या जमिनी मोजून त्याच्या स्वतःच्या नावावर काय, तर डोंबिवली पूर्वेला चौथ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर आणि त्याला लागून असलेली वीस बाय चौदा फुटांची उघडी गच्ची.

“हद्दीचा वाद नाही,” तो आल्यागेल्याला सांगतो. “तीन बाजूंना कठडा, चौथ्या बाजूला सुहास.”

सुहास म्हणजे सुहासिनीमामी. ती बहुतेक तेव्हा दारातच उभी असते.

“मग पुढचा चहा कठड्याकडे मागा,” ती म्हणते.

मोजायची सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. माजिवड्याला आमच्याकडे आला की तो सोफ्यावर बसण्याआधी सोफा आणि खिडकी यांच्यामधलं अंतर नजरेने घेतो आणि मागच्या वेळेपेक्षा सोफा चार बोटं सरकलाय हे आईला सांगतो. गच्चीवर त्याच्या बावीस कुंड्या होत्या, कठड्याला लागून, एकमेकींपासून बरोबर पंधरा इंचांवर. तुळस, जास्वंद, कढीपत्ता, गवती चहा. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नंबर. झाडं बरी होती, पण शाळेच्या प्रार्थनेला उभी असल्यासारखी दिसायची.

त्याच्या नोकरीच्या गोष्टींमधल्या दोन मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पहिली, हद्दीचा दगड कुणीही हलवायचा नाही. भाऊ असो, सरपंच असो. दगड हलवणाऱ्याला मामा असा काही बोलायचा की पुढच्या मोजणीला तो माणूस आपणहून चहा घेऊन यायचा. दुसरी गोष्ट वहिवाटीची. वहिवाट म्हणजे जमीन कागदावर कुणाची आहे ते नाही. ती रोज कोण कसतं, कुणाचे पाय तिच्यावरून जातात, ते.

“मोजणीला गेलं की टेप आधी काढायचा नाही,” मामा सांगतो. “आधी ज्याची वहिवाट आहे त्याला पुढे घालायचं. चला, दाखवा. तो चालतो, आपण गपचूप मागून चालायचं. तो जिथे न बघता वळतो ना, तिथे हद्द असते. कागद नंतर.”

चार वर्षांपूर्वी त्या घरात दोघांनाही ताप आला. दोघंही बरी झाली. मामीचा वास गेला होता, तो मात्र परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. सहा महिने मामीने वाट बघितली, मग तिने तो विषय काढणं सोडलं. वरण लागलं तरी तिला कळेना. दूध नासलेलं कळेना. पावडर तीच, साबण तोच, पण ती म्हणायची, आंघोळ झाल्यासारखंच वाटत नाही. स्टेशनबाहेरच्या फुलवालीकडून तिने वीस वर्षं गजरा घेतला होता, तो बंद केला. “उगाच डोक्यात ओझं,” म्हणाली.

तेव्हापासून मामा सकाळी अकराच्या सुमारास पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो. पेपर वाचतो आणि मध्येच, मान वर न करता, म्हणतो, “लागतंय.” मामी गॅस बारीक करते. दोघांमध्ये यावर कधी काही बोलणं झाल्याचं मला ठाऊक नाही. एकदा मी फोन केला होता. काय चाललंय विचारलं तर मामी म्हणाली, “मी भाजी करतेय. माझं नाक पेपर वाचतंय.”

हे सगळं आधी सांगावं लागलं, कारण पुढचं त्यावर आहे.

गेल्या एप्रिलमध्ये माझ्या भावाने, केदारने, जुनी गाडी घेतली आणि मामा-मामीला कोकणात न्यायचं ठरवलं. मामा आयुष्यात सुट्टीवर म्हणून कुठे गेला नव्हता. कुठल्याही गावाचं नाव काढलं की तो म्हणायचा, “तिथे मी मोजणीला गेलेलो.” मामीची अडचण वेगळी होती.

“कुरडयांचं काय?” तिने विचारलं. “गहू भिजत घालायचे आहेत.”

“मामी, एक वर्ष कुरडया नसल्या तर काय होतं?” केदार म्हणाला.

“तू जेवायला आलास की सांगते काय होतं.”

शेवटी गहू डब्यात राहिले आणि आम्ही चौघं शीळफाट्यावरून पनवेलला लागलो. गुहागरच्या अलीकडे एका गावात हौसाबाई म्हणून सत्तरीच्या बाई आहेत. त्यांनी घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या आहेत. खोल्यांना लागूनच त्यांची वाडी, समुद्राकडे उतरत गेलेली.

पहिली दुपार मामा झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बाहेर आले तर तो टेप घेऊन वाडीत होता.

त्याचं कारण मला वाडी नीट बघितल्यावर कळलं. तिथे एकही रांग नव्हती. पोफळीखाली अननस, नारळाच्या बुंध्यावर चढलेला मिरीचा वेल, फणसाच्या सावलीत हळद. मोरीचं पाणी भिंतीतल्या भोकातून बाहेर यायचं आणि मातीच्या बारक्या पाटातून आधी अळवाला, मग केळीला, मग कर्दळीला जायचं. एक तांब्या पाणी ओतलं तरी ते कुणाच्या तरी मुळाशी पोचायचं. झाडांच्या बुडाशी नारळाची सोडणं उलटी घालून ठेवलेली, म्हणून माती दुपारीही ओली. जांभ्याच्या दोन दगडांवर एक फळी टाकली होती. तिच्यावर बसलं की पाय पाटात. मामाने आयुष्यभर सरळ रेघा ओढल्या. इतकी वाकडी आणि इतकी सुखात असलेली जागा त्याने कामाच्या गडबडीत कधी बघितलीच नसावी.

हौसाबाई गोठ्यातून बाहेर आल्या आणि थांबल्या.

“काय मोजताव सायब?”

“वाडी.”

“कशाला? इकायची नाय.”

“विकत नकोय हो. मला घरी अशीच करायचीय. लहान.”

“घरी जागा किती हाय?”

“दोनशे ऐंशी चौरस फूट.”

हौसाबाईंनी हिशेब केल्यासारखं गोठ्याकडे बघितलं. “म्हस बसली तर शेपटी भायेर राहील.”

मामा हसला, पण टेप सोडला नाही. दोन तास तो वाडीभर फिरत होता. प्रत्येक झाड, मोरीचं भोक, फळी, सगळं वहीत येत होतं. पानाच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. हौसाबाई आंब्याच्या फोडी चिरत बघत होत्या.

“झाडं हलायची नायत, ती मोजा,” त्या म्हणाल्या. “सावली हलते. ती कशी घेणार कागदावर?”

“सावलीला हद्द नसते, बाई. ती आमच्या खात्यात येत नाही.”

तेवढ्यात मोरीमागून मामीचा आवाज आला. हाक नव्हती, नुसतं “अगं बाई” असं काहीतरी. मी गेले. घराच्या ईशान्य कोपऱ्याला, पाट संपतो तिथे, लांब हिरव्या पानांचं बेट होतं. फूल एकही नव्हतं.

“सोनटक्का आहे,” मामी म्हणाली. “आमच्या राजापूरच्या घरी मोरीमागे होता. शाळेत असताना रोज एक फूल वेणीत. संध्याकाळी फुलायचा आणि रस्त्यावरून जाणारी माणसं मान वळवून बघायची.”

“आता नाय फुलायचा,” हौसाबाई मागून आल्या. “गणपतीत या. न्या दोन गड्डे, लय पसरलाय.” त्यांनी कोयत्याच्या टोकाने माती उकरली आणि आल्यासारखे दिसणारे तीन गड्डे मामीच्या हातावर ठेवले. एक उकरताना मोडला होता. मामीने तो मोडलेला भाग, कदाचित जुन्या सवयीने, नाकाशी नेला.

मग ती तशीच उभी राहिली.

“उर्वी,” ती मला म्हणाली, अगदी हळू, “याला वास आहे का गं? आल्यासारखा?”

मी वाकून घेतला. होता. मातीतून काढलेल्या ओल्या आल्यासारखा, जरासा गोड.

“आहे, मामी.”

“मला येतोय. थोडा. पण येतोय.”

मामा पाच पावलांवर होता. त्याने लिहायचं थांबवलं. वहीवर त्याचं पेन टेकलेलं राहिलं आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला.  दुपारी जेवताना त्याने हौसाबाईंना विचारलं, “गड्डा आत्ता लावला तर फूल कधी?”

“पाणी दिलंत, ऊन सांभाळलंत, तर भादव्यात.”

परतताना गाडीच्या डिकीत एक पोतं सोडणं, एक पोतं वाडीतली माती, मिरीचा वेल, अळवाचे कांदे आणि जांभ्याचे दोन दगड होते. तीन गड्डे मामीच्या मांडीवर, ओल्या फडक्यात.

“मामा, सगळं मोजलंस, आता गाडीचं वजन पण बघ एकदा,” केदार घाटात म्हणाला.

“दगड काढू का?”

“नको. तू काढून ठेवशील आणि मग दोन्ही दगडांमधलं अंतर मोजत बसशील.”

डोंबिवलीला आल्यावर मामाने ग्राफ पेपर आणला. वाडीच्या नकाशावरून गच्चीचा नकाशा, सगळी अंतरं त्याच प्रमाणात लहान केलेली. मोरीच्या जागी कपडे धुवायचा नळ. तिथून अर्धा कापलेला पाइप, म्हणजे पाट, आधी अळवाच्या टबात आणि मग केळीच्या पिंपात. साबणाचं पहिलं पाणी गटारात, दुसरं पाटात, असा नियम. बुंध्यांशी सोडणं. दोन दगडांवर फळी. बावीस कुंड्या रांग सोडून घोळक्याने उभ्या राहिल्या. ईशान्येच्या कोपऱ्यात, उत्तरेच्या बाणाप्रमाणे अगदी बरोबर, सोनटक्क्याचा टब.

हे सगळं त्याने आठ दिवसांत केलं आणि त्या आठ दिवसांत मामी घरी नव्हती. कल्याणला तिच्या बहिणीचं, योगिनीमावशीचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून ती तिकडे होती. मामाने आम्हा सगळ्यांना फोटो पाठवले. प्रत्येक फोटोत टेप पसरलेला, म्हणजे आकाराचा अंदाज यावा.

मामी परत आली आणि गच्चीच्या दारात उभी राहिली. पाट बघितला, फळी बघितली. फळीवर बसून बघितलं. “छान झालंय हो,” म्हणाली आणि तिला खरंच छान वाटलं होतं. मग तिची नजर कोपऱ्यात गेली.

“सोनटक्का तिथे ठेवलात?”

“ईशान्येला. हौसाबाईंच्या इथे आहे तसाच. दोन इंचांचा फरक नाही.”

“बरं,” मामी म्हणाली.

हे मला तिनेच नंतर सांगितलं. बरं का म्हणालीस, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “इतके खूश होते. आणि मला वाटलं, त्यांनी बघितलं असेल. मोजणारा माणूस आहे.”

गड्ड्यांना कोंब आले, दोन-दोन पानं आली आणि मग पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या. मामाने पाणी वाढवलं. मग कमी केलं. माती मोकळी केली. कोंब एकामागून एक वाळून खाली बसले. मला रोज रात्री मेसेज यायचा, आज एक इंच गेलं. त्याने फूल हा शब्द कधीच लिहिला नाही. पण भादवा किती लांब आहे ते तो मोजत होता, हे मला आणि बहुधा मामीलाही कळत होतं. मामीने मोडलेल्या गड्ड्याचा एक तुकडा स्वयंपाकघरात वाटीत ठेवला होता. तो आता सुकला होता, त्याला वास नव्हता.

मेच्या शेवटच्या रविवारी मी गेले. शीळफाट्याला बस तासभर अडकली आणि मी पोचले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. मामा गच्चीवर, डोक्याला पंचा बांधून, टबापासून कठड्यापर्यंतचं अंतर पुन्हा घेत होता.

“उर्वी, माती त्यांचीच आणलेली. पाणी पाटाचं. अंतर तेच, दिशा तीच. मग चुकलं कुठे?”

 मी फळीवर बसायला गेले आणि चटका बसला तशी उठले.

तेवढ्यात मामी दोन ताटं घेऊन बाहेर आली. एकात ताकात मुरवलेल्या मिरच्या, दुसऱ्यात शेवग्याचा पाला. तिने आमच्याकडे बघितलंही नाही. पदर डोक्यावर ओढून सरळ ईशान्येच्या कोपऱ्यात गेली, पायाने सोनटक्क्याचा टब जरा बाजूला सारला आणि मिरच्यांचं ताट तिथे, बरोबर टबाच्या जागी, ठेवलं. मग वळली. गच्चीच्या पश्चिमेला जिन्याची खोली आहे आणि तिच्यावर पाण्याची टाकी. त्या भिंतीच्या पायाशी जाऊन तिने पाल्याचं ताट ठेवलं, त्यावर जुनी ओढणी टाकली आणि आत गेली. सगळं मिळून एक मिनिट. मान खाली, पाय आपोआप.

मामा हातात टेप धरून उभा होता. टेपची पट्टी हळूहळू आपणहून आत गेली आणि खट् आवाज झाला.

“सुहास,” त्याने हाक मारली. “जरा बाहेर ये.”

“फोडणी टाकतेय.”

“गॅस बंद कर आणि ये.”

ती ओले हात पुसत आली. आता आपल्यालाच काही ऐकावं लागणार असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

“मिरच्या इथे का ठेवल्यास?”

“इथे नाही तर कुठे ठेवू? टब हलवला म्हणून विचारताय का?”

“तसं नाही. इथेच का?”

“इथे ऊन आहे म्हणून,” मामी म्हणाली. “साडेदहापर्यंत समोरचा टॉवर आडवा येतो. तो सुटला की या कोपऱ्यात ऊन येतं ते पाच वाजेपर्यंत हलत नाही. वर हा पांढरा कठडा, तो भट्टीसारखा तापतो. कुरडया मी इथेच घालते. सकाळी घातल्या की संध्याकाळी कडकडीत.”

“आणि पाला तिकडे?”

“पाला उन्हात काळा पडतो. टाकीखाली एक वाजला की सावली. सकाळी पंप लागला की टाकी वाहते, त्याने तिथली फरशी दुपारपर्यंत गार असते.” ती थांबली. मग टबाकडे बघून, आवाज न चढवता, म्हणाली, “जिथे माझ्या कुरडया एका दिवसात वाळतात तिथे तुम्ही सोनटक्का लावलात.”

मला हसू येत होतं, पण मामाचा चेहरा बघून मी ते गिळलं. चौतीस वर्षं त्याने परक्या माणसांना पुढे घालून, मागून चालत, जमिनी समजून घेतल्या होत्या. त्यातल्या कुणाच्याही शेतात त्याने आधी टेप काढला नव्हता. आणि या गच्चीवर अठ्ठावीस उन्हाळे कुरडया, पापड, सांडगे आणि मिरच्या वाळवणाऱ्या बाईला त्याने काहीच न विचारता नकाशा काढला होता. या वर्षी आम्ही कुरडया करू दिल्या असत्या तर त्याला ते डोळ्यांनी तरी दिसलं असतं.

तो फळीवर बसला. फळी तापलेली होती, त्याला ते जाणवलं नसावं.

“माझं चुकलं,” तो म्हणाला. “वहिवाट तुझी. मी विचारलंच नाही.”

“अहो, त्यात काय एवढं.”

“नाही. आता दाखव. तू चाल, मी मागून येतो.”

मामीने माझ्याकडे बघितलं. मग लाजल्यासारखी हसली आणि खरंच चालायला लागली. इथे पापड, कारण वारा लागत नाही. इथे काही ठेवायचं नाही, शेजारच्या एसीची गरम हवा येते. इथे तीनला कवडसा येतो, अर्धा तास, तेवढ्यात मी लोणच्याच्या बरण्या ऊन दाखवून घेते. मामा वही धरून मागे, त्याच्यामागे मी. थोड्या वेळाने तिने आतून रांगोळीचा डबा आणला आणि सावलीच्या कडेने रेघ ओढली. “ही बाराची.” दर तासाला ती स्वयंपाकातून बाहेर यायची आणि एक रेघ ओढून जायची. जेवण उशिरा झालं. भाजी लागली, कारण तिचं नाक गच्चीवर वही घेऊन बसलं होतं. संध्याकाळपर्यंत गच्ची रांगोळीच्या रेघांनी भरली, आणि त्यातली एकही सरळ नव्हती.

टब उकरला तेव्हा दोन गड्डे पोकळ निघाले. तिसरा हातात घेऊन मामाने उलटसुलट केला. त्यालाही वरून कोंब उरलेला दिसत नव्हता.

“गेला बहुतेक,” तो म्हणाला.

“इकडे द्या.” मामीने नखाने साल खरवडली आणि नाकाशी धरला. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिला खूप वेळ लागला.

“आहे,” ती म्हणाली. “हा जिवंत आहे.”

तो एकच गड्डा टाकीखाली गेला. पाल्याचं ताट तीन फूट सरकलं. मामाने नवा नकाशा काढला. त्यावर तासांच्या वाकड्या रेघा आहेत आणि खाली डाव्या कोपऱ्यात, मोजणीच्या वेळी हजर असलेल्या माणसाची सही घेतात तिथे, मामीची सही आहे. तिने आधी नकार दिला होता. “मी काय सही करू, पिठाचे हात आहेत.” पीठ अजून कागदावर दिसतं.

पावसाळ्यात बेट वाढलं. आधी तीन दांडे, मग सात. माझे क्लासमधले शिकवण्याचे तास सुरू झाले आणि मला दोन-अडीच महिने तिकडे जाता आलं नाही. गणपती झाले. भादव्याचे शेवटचे दिवस राहिले होते तेव्हा मामाचा फोन आला. “उद्या साडेपाचपर्यंत ये. कळी आहे.”

पाऊस दोन दिवस थांबला होता. आम्ही तिघं फळीवर बसलो, पाय पाटात. सहाच्या सुमारास कळीची वरची पाकळी सुटली. फूल उघडताना बघायचं ठरवून बसलं की दिसत नाही. मी पाट बघत होते तेवढ्यात ते उघडलेलं होतं. पांढरं, मध्ये जरा पिवळसर, पातळ. वास एकदम आला. गोड, पण ओला, आणि खाली कुठेतरी ते आलं.

मामा मामीकडे बघत होता.

मामी सरळ बसली होती. तिने एकदा, दोनदा श्वास घेतला. मग मान हलवली.

“नाही येत.”

 खालच्या रस्त्यावर रिक्षावाले नेहमीसारखे एकमेकांवर ओरडत होते.

“असू दे,” मामी म्हणाली. “फूल आलं ना. तुम्ही सांगा, कसा आहे वास.”

मामाला अशी वर्णनं जमत नाहीत. तो उठला. फुलापासून एक एक पाऊल मागे जात, दर पावलाला श्वास घेत, तो दारापर्यंत गेला आणि उंबरठ्यावर थांबला. खिशातून टेप काढला. “अकरा फूट चार इंच,” तो तिथून म्हणाला. “इथपर्यंत येतोय, सुहास. चांगला दाट आहे. आत पण येतोय, पण तिथे तुझ्या फोडणीत मिसळतो.”

मामी हसायला लागली. हसता हसता उठली, टबाशी वाकली आणि फुलात नाक घातलं, जवळजवळ सगळा चेहराच. ती बराच वेळ तशी होती. मला वाटलं तिला उठता येत नाहीये, तिचे गुडघे दुखतात. मी हात द्यायला गेले तर तिने हाताने थांब म्हणून खूण केली.

“आहे,” ती फुलातूनच म्हणाली.

“किती?” मामाने विचारलं.

“टेकलं की आहे. जरा लांब केलं की नाही.”

मामाने आतून हातोडी आणली आणि फळीखालच्या जांभ्याच्या दगडाचा एक बारका तुकडा काढला. तो त्याने टबाला चिकटवून फरशीवर ठेवला. “इथपर्यंत,” म्हणाला, आणि वहीत तारीख घातली.

नवरात्र झाल्यावर मी त्यांना दिवाळीचं बोलावणं करायला गेले. मामा पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होताच. मी गच्चीवर गेले. बेटावर पाच-सहा फुलं होती आणि जांभ्याचा तुकडा टबापासून वीतभर लांब होता. मागे फरशीवर तांबड्या मातीचे तीन पुसट ठसे दिसत होते, तो आधी जिथे जिथे होता त्याचे.

“दगड हलवलास,” मी म्हटलं.

“सही घेऊन हलवलाय,” मामा दारातून म्हणाला. “काल तर ती म्हणत होती हातभर लांबून आला. पण काल वारा होता, म्हणून मी तो धरला नाही.”

“मी धरलाय,” मामी आतून म्हणाली.